एट-ट्रॅक प्लेअर बिघडलाय की कार्ट्रिज? आधी टेपचा जोड बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. जुन्या सामानात एट-ट्रॅक प्लेअर सापडला (कार्ट्रिज नावाच्या प्लास्टिकच्या डबीतली गाण्यांची टेप वाजवणारं जुनं मशीन), सोबत तीसेक कार्ट्रिजचा खोका. पहिलं कार्ट्रिज टाकलं, दहाएक मिनिटं छान वाजलं, मग 'खटॅक' झालं आणि रीळ आत गडप. दुसरं वाजतं, पण गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज, आणि मागे हळूच दुसरंच गाणं चालू. तिसरं जागचं हलत नाही, नुसती मोटर गुरगुरते. आणि तुम्ही विचारताय की प्लेअर दुरुस्तीला द्यायचा की भंगारात, आणि याचा आवाज कॅसेटपेक्षा बरा असतो का.

प्लेअर राहू द्या बाजूला. आणि मुख्य म्हणजे चौथं कार्ट्रिज टाकू नका! मी तीस वर्षं टेपची मशिनं उघडतोय, त्यात एट-ट्रॅक घेऊन जो कोणी आला त्याचं पहिलं वाक्य 'मशीननं टेप खाल्ली' हेच असतं, आणि दहातल्या आठ वेळा मशीन बिचारं निर्दोष असतं. तुमच्या तीनही तक्रारींचं मूळ कार्ट्रिजमध्ये आहे (दुसऱ्यात थोडा वाटा प्लेअरचा असू शकतो, त्यावर येतोच). टेप स्वतः सहसा ठीक असते, चाळीस-पन्नास वर्षांनंतरही. सडतं ते तिच्या आजूबाजूचं: टेपच्या टोकांचा जोड, टेपमागचा फोम, आणि रोलर, म्हणजे टेप ओढताना तिला दाबून धरणारं छोटं चाक.

आता हे असं का, ते समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला बसू नका, नाहीतर एक नीट कराल आणि दोन बिघडवाल.

कॅसेटमध्ये दोन चकत्या असतात, एकीवरून सुटते, दुसरीवर गुंडाळते. एट-ट्रॅकमध्ये चकती एकच. पाव इंची टेप, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली, म्हणजे न संपणारा फेरा. टेप गुंडाळीच्या आतून, अगदी हबजवळून (चकतीच्या मधल्या गाभ्याजवळून) निघते, वर येते, समोरच्या फटीतून हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) जाते आणि परत येऊन गुंडाळीच्या बाहेरच्या अंगाला बसते. ऐकायला सोपं वाटतं पण जरा गणित करा. समजा हबजवळचा वेढा ८ सेंटीमीटरचा आहे आणि सगळ्यात बाहेरचा २४ सेंटीमीटरचा. चकती एकदा फिरली की आतून ८ सेंटीमीटर टेप सुटणार, बाहेरच्या वेढ्याला मात्र २४ पाहिजे, मग उरलेली आणायची कुठून? कुठूनच नाही. म्हणून प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यावरून सतत घसरत राहतो, सगळी गुंडाळी आतल्या आत सरकत असते. ही घसरण जमावी म्हणून टेपच्या पाठीला ग्राफाइटचा थर दिलेला असतो, त्यामुळे ती बाजू काळपट दिसते, बोटाला लागतो तो. तो थर झिजला किंवा टेप वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून बसली की घसरण थांबते, गुंडाळी स्वतःलाच आवळत जाते, मोटरला ओढवत नाही, आवाज डुलायला लागतो आणि शेवटी सगळ्यात कमकुवत जागी तुटतं. कमकुवत जागा एकच, जिथे टोकं जोडलीत ती.

याच कारणानं एट-ट्रॅकला रिवाइंड नाही. काही मशिनांवर फास्ट फॉरवर्डचं बटण मिळेल, मागे जायचं नाही. टेप हातानं उलटी ढकललीत तर आत गुंता झालाच म्हणून समजा.

तो जोड साधा नसतो. त्यावर धातूची फॉइल चिकटवलेली असते, साधारण इंचभर. टेपवर आठ ट्रॅक शेजारी शेजारी, त्यांच्या चार जोड्या: १ आणि ५, २ आणि ६, ३ आणि ७, ४ आणि ८. प्रत्येक जोडी म्हणजे एक स्टीरिओ प्रोग्रॅम. एक फेरा संपला की फॉइल हेडजवळच्या दोन संपर्कांवरून जाते, सर्किट पूर्ण होतं, सोलेनॉइडला (वीज आली की खेचणाऱ्या चुंबकाला) झटका बसतो आणि हेड एका कॅमवर (पायऱ्या असलेल्या चाकावर) एक पायरी सरकतं, एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तो तुमचा 'खटॅक'. चार प्रोग्रॅम झाले की हेड परत पहिल्यावर. म्हणजे तुमच्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये फॉइल संपर्कापर्यंत व्यवस्थित पोचली, आपलं काम केलं, आणि पुढच्याच क्षणी रोलरखाली जोड सुटला, कारण त्या फॉइलचा गोंद केव्हाच वाळून गेला होता. एक टोक रोलरनं ओढून बाहेरच्या वेढ्यावर नेऊन घातलं, दुसरं हबजवळ कुठेतरी पडलंय. टेप तुटलेली नाही, नुसती सुटलीये. जीव भांड्यात पडला असेल तर पुढे वाचा.

उघडायचं कसं? लेबल वर ठेवून कार्ट्रिज टेबलावर सपाट ठेवा आणि कड नीट बघा. काहींना खाचा आणि कुसवं असतात, ती पातळ स्क्रूड्रायव्हरनं एकेक करून सोडवता येतात. काही गोंदानं चिकटवलेली असतात, तिथे सांध्यात पातळ पातं हळूहळू फिरवावं लागतं आणि थोडं प्लास्टिक तुटणार हे धरूनच चालायचं, नंतर चार थेंब गोंद. वरचं झाकण सरळ वर उचला. हे मी ठळकपणे सांगतोय कारण सुरुवातीला मी एक कार्ट्रिज उलटं धरून उघडलं होतं, झाकण निघालं आणि चकतीवरची गुंडाळी आधी जरा फुगली, मग मधून वर आली आणि मग जी उसळली ती थेट जमिनीवर, शंभर मीटरचा काळा शेवयांचा ढीग! दोन संध्याकाळी गेल्या ते परत गुंडाळण्यात आणि तरी ते पहिल्यासारखं कधीच वाजलं नाही. तेव्हा सपाट ठेवा, लेबल वर, आणि झाकण काढल्या काढल्या मोबाइलवर फोटो काढा, टेप कुठल्या खुंटीच्या कुठल्या बाजूनं जाते हे नंतर आठवत नाही, कुणालाच नाही.

आता दोन टोकं शोधा. बाहेरचं सोपं आहे, गुंडाळीच्या कडेला सापडतं. आतलं हब आणि पहिला वेढा यांच्यामधून वर आलेलं असतं, नसेल तर चिमट्यानं अलगद. टोकं चुरगळली असतील तर सेंटीमीटरभर कापून टाका, गाण्यांच्या मध्ये तिथे शांतताच असते बहुतेक वेळा. टेप पीळ न पडता समोर आणा. चकचकीत तपकिरी बाजू हेडकडे म्हणजे बाहेर, काळपट ग्राफाइटची बाजू आत. दोन्ही टोकं सारख्या कोनात कापा, एकमेकांना अगदी टेकवा पण एकावर एक चढू देऊ नका, आणि फॉइल तपकिरी बाजूवर लावा. पाठीमागे लावलीत तर दोन घोटाळे, एक म्हणजे ग्राफाइटवर काहीच धड चिकटत नाही आणि दुसरं म्हणजे संपर्क हेडच्या बाजूला असतात, त्यांना फॉइल दिसणारच नाही, तोच प्रोग्रॅम जन्मभर वाजत राहील. घरातला पारदर्शक चिकटपट्टीचा रोल तर अजिबात नको. त्याचा गोंद उन्हाळ्यात बाजूला पाझरतो आणि शेजारचे वेढे धरून ठेवतो. एट-ट्रॅकसाठीची सेन्सिंग फॉइल अजून मिळते, तीच घ्या. नखानं नाही, चमच्याच्या पाठीनं घासून बसवा.

जोडून झालं की समोर थोडी टेप ढिली लोंबत असेल. घाबरू नका, वर जे गणित केलं ते इथे कामाला येतं. चकती चालायच्या दिशेनं बोटानं फिरवा, बाहेरचा वेढा जास्त मागतो, आतून कमी सुटते, त्यामुळे ढिली टेप आपोआप आत ओढली जाते. पण सगळा ढिलेपणा घालवू नका. गुंडाळीवर बोट ठेवलं तर वेढे जरासे हलले पाहिजेत. ताठ झाली तर पुन्हा तीच कथा.

झाकण लावायच्या आधी फोम. हेडच्या समोर आणि फॉइलच्या संपर्कासमोर, अशा दोन जागी टेपला मागून दाबणारे पॅड असतात. काही कार्ट्रिजमध्ये ते पत्र्याच्या स्प्रिंगवर असतात, ती नशीबवान, पुसून घेतली की झालं. बाकीच्यात मागे फोमचा तुकडा असतो आणि त्या फोमचं आजवर एकच काहीतरी झालेलं असतं: बोट लावलं की भुगा, किंवा चिकट राब. वरून पॅड जागेवर दिसतो, अगदी नवा वाटतो, पण दाबलं की आत जातो तो परत येतच नाही. तो सगळा खरवडून काढा, अल्कोहोलनं जागा पुसा आणि नवा बसवा. तयार पॅड मिळतात. नाही मिळाले तर खिडक्यांच्या फटींना लावतात ती बारीक छिद्रांची फोमपट्टी चालते, मात्र ज्या बाजूला टेप घासणार तिथे गुळगुळीत टेफ्लॉनची पट्टी लावा, उघडा फोम टेपला ब्रेक लावतो.

आणि आता तुमच्या दुसऱ्या कार्ट्रिजचं कोडं अर्धं सुटलं. पॅड गेला की टेप हेडला नीट टेकत नाही, आणि टेप व हेड यांच्यात केसभर अंतर पडलं तरी आधी वरचे स्वर जातात. म्हणून तो गोधडीतला आवाज.

मागे ऐकू येणारं दुसरं गाणं मात्र हेडच्या उंचीचं. हेड चार पायऱ्यांवर चढतं-उतरतं, एक पायरी जराशी चुकली की शेजारचा ट्रॅक ऐकू येतो. हा रोग तेव्हापासूनचाच आहे. अमेरिकेत लोक गाडीतल्या प्लेअरमध्ये कार्ट्रिजखाली काडेपेटीचं पाकीट दुमडून सरकवायचे, कार्ट्रिज केसभर वर उचललं की दुसरं गाणं बंद, हा खरंच सर्रास चालणारा इलाज होता. तुम्ही पाकीट सरकवू नका, हेडचा उंचीचा स्क्रू शोधा. आधी स्क्रूची मूळ जागा मार्करनं खूण करून ठेवा. मग नवे पॅड घातलेलं एक चांगलं कार्ट्रिज लावा, आपल्या प्रोग्रॅममध्ये दोन गाण्यांमधली शांतता आली की ऐका आणि पाव पाव फेरा फिरवत जा, शेजारचं गाणं दोन्ही बाजूंनी सारखंच गायब होईल ती जागा. चारही प्रोग्रॅमवर तपासा, एकावर जमलं आणि तिसऱ्यावर बिघडलं असं होतं, तेव्हा सुवर्णमध्य. सडक्या पॅडच्या कार्ट्रिजवर हेड जुळवायला बसू नका, ते म्हणजे वाकड्या फूटपट्टीनं घर मोजणं.

तिसरं, न हलणारं. झाकण उघडून आधी रोलर बघा, समोरच्या कोपऱ्यातला. प्लास्टिकचा किंवा कडक रबराचा असेल आणि फिरत असेल तर गुंडाळी आवळली आहे, समोरून चालायच्या दिशेनं थोडी थोडी ओढून सैल करा, तरी नाही तर दोन-तीन वेढे मोकळे करून परत बसवा. पण रोलर जर मऊ रबराचा असेल तर तयारीत राहा. काही जुन्या कार्ट्रिजमधलं हे रबर काळाच्या ओघात विरघळतं, अक्षरशः डांबर होतं, टेपला चिकटतं, खाली ओघळतं, आणि तुम्ही तसंच प्लेअरमध्ये ढकललंत तर कॅपस्टनला (रोलरला टेकून टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याला) आणि हेडला फासलं जातं. तुमची मोटर गुरगुरत होती म्हणताय ना, मग प्लेअरचा कॅपस्टन टॉर्च लावून बघाच. रोलर दुसऱ्या, कुणालाच नको असलेल्या कार्ट्रिजमधून काढून घालता येतो. असं एक 'बळी' कार्ट्रिज जवळ असावंच, रोलर, स्प्रिंगचे पॅड, झाकण, सगळं कामाला येतं.

हा रोलर कार्ट्रिजमध्ये का आला त्याची गंमत आहे, थोडं विषयांतर करतो. न संपणाऱ्या फेऱ्याची कल्पना आधीची, रेडिओ स्टेशनवर जाहिराती आणि जिंगल वाजवायला जॉर्ज ईशची फिडेलिपॅक कार्ट्रिज वापरायचे. १९६२ च्या सुमारास अर्ल मन्ट्झनं त्याच धर्तीवर गाडीसाठी चार ट्रॅकची स्टीरिओ-पॅक आणली. त्यात रोलर मशीनमध्ये, आणि तो वर यायला कार्ट्रिजच्या कोपऱ्यात मोठं भोक. बिल लीयर, तोच लीयरजेट विमानांचा, त्यानं मन्ट्झचे प्लेअर आपल्या विमानांत बसवले, मग त्याला वाटलं हे अजून सोपं करता येईल, आणि १९६४ मध्ये त्याच्या कंपनीनं आठ ट्रॅकचं स्टीरिओ एट काढलं, रोलर कार्ट्रिजमध्येच. ढकललं की चालू, ओढलं की बंद, गाडी चालवताना एका हातानं. फोर्डनं १९६५ च्या सप्टेंबरात, म्हणजे १९६६ च्या मॉडेलांपासून ते गाड्यांत द्यायला सुरुवात केली आणि आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं एकदम १७५ कार्ट्रिज बाजारात उतरवली. मग तेच कार्ट्रिज घरातही वाजावं म्हणून घरगुती प्लेअर आले, तुमचा त्यांतलाच. प्लेअर साधा झाला हे खरं, पण एका चांगल्या रोलरच्या जागी लाखो स्वस्त रोलर झाले, प्रत्येक कार्ट्रिजबरोबर एक म्हातारा होत गेला, आणि ते निस्तरायला आज तुम्ही-आम्ही. तुमच्या खोक्यात एखाद्या कार्ट्रिजच्या कोपऱ्यात खालून मोठं गोल भोक दिसलं आणि रोलरच नसला तर ते मन्ट्झचं चार ट्रॅकवालं आहे, तुमच्या प्लेअरमध्ये ते चालणार नाही. आणि 'क्वाड' किंवा 'क्यू-एट' लिहिलेलं दिसलं तर ते १९७० मध्ये आलेलं चार चॅनलचं, त्यात चाराऐवजी दोनच प्रोग्रॅम, साध्या प्लेअरवर एका वेळी अर्धेच चॅनल ऐकू येतील, मग 'गायक कुठे गेला' म्हणून हेड फिरवत बसू नका.

आवाजाबद्दल विचारलंत म्हणून. टेप सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर धावते, कॅसेटच्या दुप्पट, त्यामुळे कागदावर एट-ट्रॅक सरस वाटतं. प्रत्यक्षात ती टेप सतत स्वतःलाच घासत चाललेली, हेड सरकतं म्हणून कोन कधी नक्की नाही, आणि ट्रॅक अरुंद, त्यामुळे फायदा सगळा धुऊन निघतो. नीट जुळवलेल्या मशीनवर नवे पॅड घातलेलं कार्ट्रिज ऐकलं की लोक चकित होतात हे मी बघितलंय, बास अंगावर येतो, पण चांगल्या कॅसेट डेकपुढे ते टिकत नाही. शिवाय एलपीच्या दोन बाजू चार सारख्या तुकड्यांत बसवायच्या म्हणून गाण्यांचा क्रम बदललेला, नाहीतर गाणं मध्येच हळू होत विझतं, खटॅक, आणि पुन्हा हळू हळू वर येतं. काहींना तेच आवडतं. मला नाही. अमेरिकेतल्या दुकानांतून १९८२-८३ पर्यंत ही कार्ट्रिज गेली, पोस्टानं पाठवणारे रेकॉर्ड क्लब १९८८ पर्यंत देत होते, पण तोवर कॅसेटनं बाजी केव्हाच मारली होती.

आता प्लेअरचं बघून घेऊ, फार नाही. हेड आणि कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कापूस तपकिरी येईतो नाही, पांढरा येईपर्यंत. बेल्ट काढून बघा, ताणला की परत आखडत नसेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर नवा. हेड सरकवणाऱ्या कॅमवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते पुसून नवीन अगदी थोडं लावा, प्रोग्रॅमचं बटण दाबूनही हेड हलत नाही त्याचं कारण बहुतेक तेच. कॅपस्टन ज्यात फिरतो त्या बुशला एक थेंब तेल, दोन नाही, दुसरा थेंब बेल्टवर जातो.

बाकीची सत्तावीस कार्ट्रिज एकही न वाजवता आधी उघडा आणि सगळ्यांचे पॅड आणि फॉइल बदला, दिसायला कितीही चांगली असोत. हात बसला की एकाला वीस मिनिटं लागतात. सुरुवात ज्यांच्यावर जीव नाही अशांपासून करा, ज्या दोन-चारांसाठी हा सगळा खटाटोप आहे ती दहावी-अकरावी घ्या.

आणि ती दोन-चार कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची असतील तर प्रोग्रॅम एकेक करून रेकॉर्ड करत बसण्यापेक्षा फॉइलपासून सुरू करून चारही फेरे सलग घ्या, २४ बिटवर, लेव्हल जरा खालीच, आणि तुकडे नंतर करा. खटॅकच्या जागी तुटलेलं गाणं जोडता येतं, दोन्हीकडची शांतता कापून थोडं एकमेकांवर चढवायचं. दरवेळी टेप थोडी झिजतेच, तेव्हा पहिल्याच वेळी नीट घ्या, म्हणजे पंखा बंद, फोन लांब, आणि प्लेअर आधी दुसऱ्या कार्ट्रिजवर दहा मिनिटं चालवून गरम झालेला.

वाजवून झालं की कार्ट्रिज प्लेअरमध्ये ठेवू नका. अर्धं बाहेर ओढून ठेवतात बरेच जण, तेही नको, पूर्ण काढा. आत राहिलं की कॅपस्टन एकाच जागी रोलरला दाबून बसतो, महिन्याभरात तिथे खड्डा पडतो आणि मग तो खड्डा दर फेऱ्याला येतो, गाणं लंगडत चालल्यासारखं. तसा रोलर निघाला तर त्याला इलाज नाही, तो बळीच्या कार्ट्रिजमधलाच घालावा लागतो.